पुढून ठोकलेली गाडी मोजायची तर सुरुवात मागून करा

मागच्या पावसाळ्यात लसूडियाकडच्या एका यार्डात मी एका पांढऱ्या हॅचबॅकच्या मागे उकिडवा बसून ओळंबा सोडत होतो, आणि तिथला डेंटर बराच वेळ बघत उभा राहून शेवटी बोललाच, "भिया, टूटी तो आगे से है, आप पीछे से क्या नाप रहे हो?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला तो आतापर्यंत पन्नास वेळा तरी विचारला गेला असेल, म्हणून आज नीट बसून लिहितोय. इथे इंदूरला मेकॅनिकलची बरीच मराठी पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येतात, त्यांनाही पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.

गाडी पुढून दबली म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट आपल्या जागेवरून सरकलेली असते. बंपर तर सरकलाच, पण बोनट, फेंडर, एप्रन, पुढचं चाक, कधीकधी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रासुद्धा. मग यातलं कुठलंही टोक धरून तुम्ही मोजायला लागलात तर जे स्वतःच हललंय त्याच्यावरून हललेलं मोजताय. मी विम्याच्या सर्व्हेच्या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी ही चूक केली. पुढच्या चाकाच्या मधोमध पासून बंपरपर्यंत अंतर घेतलं, मूळ अंतरातून वजा केलं आणि लिहून मोकळा झालो. ते चाकच जवळजवळ नऊ सेंटीमीटर मागे गेलं होतं, म्हणजे माझ्या कागदावर गाडी नऊ सेंटीमीटर कमी दबली. गाडी सांगाडा सरळ करायच्या फ्रेम बेंचवर चढली तेव्हा ते बाहेर आलं, पुन्हा सर्व्हे झाला आणि त्या घरच्या लोकांचा क्लेम दोन महिने लांबला. ती गाडी त्यांची रोजीरोटी होती. तेव्हापासून मी पुढच्या कुठल्याही टोकाला आधार धरत नाही.

क्रॅश टेस्टच्या लॅबमध्येही हेच करतात. अमेरिकेची रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था नित्सा, तिच्या टेस्टमध्ये गाडी भिंतीला आपटायच्या आधी मागच्या पृष्ठभागापासून पुढे एकेक अंतर मोजून ठेवतात, मागून इंजिनाच्या पुढच्या तोंडापर्यंत किती, फायरवॉलपर्यंत किती, दाराच्या पुढच्या कडेपर्यंत किती, पूर्ण लांबी किती. टेस्ट झाल्यावर तीच अंतरं पुन्हा घेतात आणि वजाबाकी करतात. आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी एकाच न हललेल्या जागेपासून, बस एवढंच आहे ते. लॅबवाल्यांकडे आधीची मोजणी असते, आपल्याकडे यार्डात ती नसते, हाच काय तो फरक, आणि तो कसा भरून काढायचा ते पुढे येतंय.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या की टेस्ट कुठली ते माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. पूर्ण रुंदीने टणक भिंतीवर आपटायची टेस्ट वेगळी, नित्साच्या एनकॅपमध्ये, म्हणजे नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देण्याच्या कार्यक्रमात, ती ताशी ५६ किलोमीटरला होते. ऑफसेट वेगळी, त्यात गाडीच्या रुंदीचा ४० टक्केच भाग अडथळ्यावर जातो आणि अडथळ्यापुढे ॲल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारखा मऊ ठोकळा असतो. आपल्या भारत एनकॅपमध्ये, जो १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला, समोरची टेस्ट हीच, ६४ किलोमीटरला. आणि ६४ म्हणजे ५६ पेक्षा थोडंसंच जास्त असं वाटतं ना, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा त्याच गाडीत ती साधारण ३० टक्क्यांनी जास्त असते. शिवाय मऊ ठोकळाही काही ऊर्जा खातो. म्हणून भिंतीच्या टेस्टमधले सेंटीमीटर आणि ऑफसेटमधले सेंटीमीटर शेजारी ठेवून ही गाडी चांगली ती वाईट असं कधीही म्हणू नका.

आमच्या इकडच्या पोरांना वाटतं की पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्या तपासायचं सरकारी केंद्र आहे म्हणजे गाड्या तिथेच फोडत असतील. नॅट्रॅक्सचा तो ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक वेगासाठी प्रसिद्ध आहे. त्याच सरकारी योजनेतल्या क्रॅश लॅब मानेसरला आणि चेन्नईजवळ ओरगडमला आहेत. म्हणून इंदूरमध्ये शिकायचं तर यार्डातल्या गाड्यांवरच शिकावं लागतं, आणि खरं सांगतो, हात तिथेच बसतो.

हात लावायच्या आधी

बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा, कारण न फुटलेली एअरबॅग असेल तर तिच्या कंट्रोलरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर नारिंगी केबल दिसताच मागे व्हा, ते काम शिकलेल्या माणसाचं. खाली काच आणि तेल असतंच, गुडघ्याखाली पोतं घ्या.

मग फोटो. चारही बाजूंनी, चारही कोपऱ्यांतून, आणि पुढचा भाग बंपरच्या उंचीवर कॅमेरा धरून. वरून काढलेल्या फोटोत बोनट दिसतं आणि बंपरच्या मागचा बीम दिसत नाही.

आणि क्रेनवाल्याला विचारा की त्याने गाडी कुठून ओढली. हे कोणी विचारत नाही. बायपासवर रात्री गाडी रस्त्यातून हटवायची घाई असते, साखळी जिथे अडकेल तिथे अडकवतात, आणि दबलेला कोपरा पाच-सात सेंटीमीटर पुन्हा पुढे येतो. बीमवर चकाकणारा ताजा ओरखडा आणि साखळीच्या हुकाचा ठसा दिसला तर समजा ओढलीय. तसं असेल तर त्या जागेचं माप घ्या जरूर, पण बाजूला लिहा की ही जागा ओढलेली आहे. आणि डेंटरने "थोडं सरळ करून ठेवलंय साहेब" असं म्हटलं तर त्या बाजूचं मोजून काही उपयोग नाही.

सामान फार लागत नाही. पाच मीटरचा स्टीलचा टेप, कापडाचा नको कारण तो ताणतो. दोन ओळंबे, खडू, मासे धरायची नायलॉनची दोरी, गवंड्याचा गुण्या, लेव्हल पट्टी, एक मीटरची स्टीलची पट्टी. आणि एक पाण्याने भरलेला डबा, तो कशाला ते सांगतो.

जमिनीवर चौकट आखायची

गाडी सपाट फरशीवर हवी. पुढचं चाक फुटलं असेल किंवा सस्पेन्शन बसलं असेल तर नाक खाली जातं, मग दाराखालच्या सिलवर लेव्हल पट्टी ठेवा आणि पुढून जॅक लावून सिल समतल करा.

आता मागे या. मागचा भाग खरंच जागेवर आहे का ते आधी तपासा, गृहीत धरू नका. गाडी पुढून ठोकल्यावर गोल फिरून मागून दुभाजकाला घासलेली असू शकते. डिकीच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का बघा, मागची दारं सहज लागतात का बघा. मग गाडीखाली दोन्हीकडे सारख्या असणाऱ्या चार जागा निवडा, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट आणि सिलच्या जॅक पॉइंटसारख्या, आणि तिरके कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर मागची चौकट सरळ. मला साधारण पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त आला तर मी तिथे थांबतो आणि अजून मागची किंवा अजून मधली जागा शोधतो.

मागच्या चाकांच्या मध्यावरून किंवा मागचा बंपर धड असेल तर त्याच्या दोन टोकांवरून ओळंबे सोडा. इथेच तो डबा. यार्डात वारा असतो, ओळंबा डुलत राहतो आणि माणूस अंदाजाने खूण करतो. ओळंब्याचं वजन पाण्याच्या डब्यात बुडेल असं सोडा, डुलणं दहा सेकंदांत थांबतं, मग दोरीच्या अगदी शेजारी गुण्या उभा धरून तिची जागा फरशीवर उतरवा. पाण्याऐवजी जुनं इंजिन ऑइल घेतलं तर अजून लवकर थांबतो पण सगळं चिकट होतं. त्या दिवशी लसूडियाला पाऊस भुरभुरत होता, खडूची रेघ पुसली जात होती, तर त्याच डेंटरने कुठूनतरी पिवळा मार्कर आणून दिला आणि नंतर एक ओळंबाही धरला.

दोन खुणा जोडा, ही तुमची मागची रेघ. तिच्या मधोमध काटकोनात गाडीच्या पुढपर्यंत एक रेघ न्यायची आहे. काटकोन डोळ्याने घेऊ नका, गवंडी घराचा पाया आखताना करतात तसं तीन-चार-पाच करा, एका रेघेवर ९० सेंटीमीटर, दुसरीवर १२०, आणि तिरकं १५० आलं पाहिजे. गाडी मध्ये असल्यामुळे मधली रेघ सरळ आखता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना गाडीच्या बाहेरून समांतर रेघा न्या आणि पुढे त्यांच्या मधोमध खूण करा. मग मागच्या रेघेपासून गाडीची मूळ लांबी जितकी, तितक्या अंतरावर पुढे आडवी रेघ मारा; मागची रेघ चाकांच्या मध्यावरून घेतली असेल तर चाकाच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर त्या लांबीतून आधी वजा करा. अपघाताआधी गाडीचं नाक जिथे होतं ती ही जागा. मी हिला मूळ रेघ म्हणतो. आता ती रेघ आणि दबलेला बंपर यांच्यात जी मोकळी जागा दिसते ना, ती बघूनच पोरं गप्प होतात, कारण इतका वेळ ते फक्त चुरगळलेला पत्रा बघत असतात आणि आता पहिल्यांदा हरवलेली लांबी दिसते.

कर्ण या मूळ चौकटीचेही मोजा. इथे एक सेंटीमीटर तिरकेपणा राहिला तर तो सगळ्या मापांत घुसतो.

सहा जागा

नुकसानीची रुंदी पाच सारख्या भागांत वाटली की सहा जागा मिळतात, डावीकडून उजवीकडे सी१ ते सी६. पूर्ण रुंदीच्या टेस्टमध्ये ही रुंदी म्हणजे गाडीची सगळी रुंदी, ऑफसेटमध्ये जिथपर्यंत दबलंय तिथपर्यंत. आणि दबलंय म्हणजे थेट मार लागलेली जागाच फक्त नाही, शेजारची जी ओढली गेलीय तीही त्यात येते, तिनेही ऊर्जा खाल्लेलीच असते. फक्त थेट मार कुठून कुठपर्यंत होता ते वेगळं लिहा. ऑफसेट असेल तर नुकसानीच्या रुंदीचा मध्य गाडीच्या मधल्या रेघेपासून किती बाजूला आहे तेही लिहा.

डावं-उजवं नेहमी ड्रायव्हर बसतो त्या दिशेने. समोर उभं राहून मोजताना अर्धी पोरं उलटं लिहितात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे ऑफसेट टेस्टमध्ये सी६ची बाजू जास्त दबणार. परदेशी रिपोर्ट वाचताना तिथे सी१ जास्त दिसेल, घाबरू नका.

उंची कुठली धरायची? बंपरच्या मागच्या लोखंडी बीमची. वरचं प्लास्टिकचं कव्हर धरू नका, ते आपटून परत पुढे येतं आणि आत हातभर पोकळी असते, बाहेरून वाटतं दहा सेंटीमीटर दबलंय आणि बीम वीस सेंटीमीटर आत असतो. कव्हर लटकत असेल तर हलवायच्या आधी फोटो, मग बाजूला करून बीम मोजा. बीम काही अगदी टोकापर्यंत नसतो, तेव्हा सी१ आणि सी६ला त्याच उंचीवरचा जो मजबूत कोपरा मिळेल तो घ्या आणि कुठला घेतला ते लिहा. ट्रकच्या मागे घुसलेल्या गाडीत बीम जवळजवळ जसाच्या तसा असतो आणि बोनट, रेडिएटरचा वरचा सपोर्ट खूप आत असतो. गणेश घाटाकडून आलेल्या अशा गाड्या मी बघितल्यात, तिथे उतारावर ट्रकच्या मागे घुसणं नवं नाही. अशी गाडी असेल तर बीमच्या उंचीवर सहा आणि वरच्या सपोर्टच्या उंचीवर सहा, अशी दोन्ही मापं घ्या, नाहीतर कागदावर त्या गाडीला काही झालंच नाही असं दिसेल.

प्रत्येक जागेवर बीमवरून ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा, आणि मूळ रेघेपासून खुणेपर्यंत गाडीच्या लांबीला समांतर मोजा. तिरकं नको. कोपरा आत वळला असला तरी त्याच्या मागे टेप वळवत जाऊ नका.

नवी गाडी शोधा

आता ती राहिलेली गोष्ट, आधीची मोजणी. कुठल्याच गाडीचं नाक पाटीसारखं सपाट नसतं, कोपरे मुळातच मागे वळलेले असतात. तर मूळ रेघेपासून कोपऱ्यापर्यंत जे अंतर येईल त्यातलं काही अंतर कारखान्यातूनच आलंय, ते वजा केलं पाहिजे. यासाठी तेच मॉडेल, तेच व्हेरिएंट, फेसलिफ्टच्या आधीचं की नंतरचं तेही बघून, एक न ठोकलेली गाडी शोधा, हिलाच मी नवी गाडी म्हणतो. शेजारी, ओळखीत, कोणाकडे तरी असतेच. अन्नपूर्णेच्या बाजूला आमच्या एका काकांची गाडी मी याच कामासाठी तीनदा मोजलीय, बिचारे चहा पाजतात आणि गाडी सावलीत लावून देतात. तिच्यावर तीच मागची रेघ, तीच मूळ रेघ, त्याच सहा जागा. बीम कव्हरच्या मागे लपलेला असतो तर ग्रिलमधून स्टीलची पट्टी आत घाला, बीमला टेकेपर्यंत, आणि कव्हरपासून किती आत टेकली ते वाचा. जे त्या गाडीत मोजलं तेच या गाडीत मोजायचं, एकीकडे कव्हर आणि दुसरीकडे बीम असं केलं की सगळं वाया.

एक उदाहरण घ्या, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. न ठोकलेल्या गाडीत मूळ रेघेपासून सहा जागांची अंतरं मिलिमीटरमध्ये ११०, ३०, ०, ०, ३०, ११०. ठोकलेल्या गाडीत १२०, ७०, १५०, २९०, ४३०, ५६०. वजाबाकी केली की खरं दबणं येतं १०, ४०, १५०, २९०, ४००, ४५०.

सरासरी काढताना सहाने भागू नका. सहा जागांमध्ये पट्टे पाच आहेत, आणि टोकाच्या दोन जागा अर्ध्याच पट्ट्याच्या मालक आहेत. म्हणून सी१ आणि सी६ अर्धे, मधले चार पूर्ण, बेरीज भागिले पाच. इथे ५ + ४० + १५० + २९० + ४०० + २२५ म्हणजे १११०, भागिले पाच, २२२ मिलिमीटर. नवी गाडी न शोधता थेट पहिली अंतरं घेतली असती तर २५६ आलं असतं, म्हणजे गाडी जवळजवळ साडेतीन सेंटीमीटर जास्त दबल्याचं आपण उगाच लिहिलं असतं. आणि सहाने भागायची चूक कुठे नडते, तर झाडाला किंवा खांबाला मधोमध ठोकलेल्या गाडीत. समजा ०, ५०, ३००, ३००, ५०, ०. पाचने भागून १४०, सहाने भागून ११७.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करा, एकमेकांचे आकडे न बघता. एका जागेवर दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी मिळून पुन्हा.

यावरून वेग सांगता येतो का

हा प्रश्न येतोच, नातेवाईकही विचारतात, वकीलही विचारतात. थोडं सांगता येतं, पण फार सांभाळून. १९७४ मध्ये जनरल मोटर्सच्या केनेथ कॅम्पबेलने भिंतीवरच्या टेस्ट बघून दाखवलं की आपटायचा वेग आणि मागे उरलेलं दबणं यांचं नातं जवळजवळ सरळ रेघेचं असतं. पुढे कॅल्स्पन या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत क्रॅश नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम झाला, सी१ ते सी६ ही सहा मापांची पद्धत त्यातूनच सगळीकडे पसरली.

सरळ हिशेब असा. समजा एका मॉडेलची भिंतीवरची टेस्ट ५६ किलोमीटरला झाली आणि सरासरी ५० सेंटीमीटर दबलं. सुमारे ८ किलोमीटरपर्यंत कायमचं काही दबत नाही असं धरतात. मग उरलेल्या ४८ किलोमीटरला ५० सेंटीमीटर. त्याच मॉडेलची दुसरी गाडी पूर्ण रुंदीने सरासरी २५ सेंटीमीटर दबलेली असेल तर ८ अधिक २४, म्हणजे ती टणक भिंतीला ३२ किलोमीटरने आपटल्याइतकी ऊर्जा तिने खाल्लीय. आपटल्याइतकी, हे शब्द महत्त्वाचे. ती रस्त्यावर ३२ने चालली होती असा याचा अर्थ होत नाही. समोरची गाडी चालती होती का, आपटल्यानंतर दोन्ही कुठे गेल्या, ब्रेकच्या खुणा किती लांब, हे सगळं धरल्याशिवाय रस्त्यावरचा वेग निघत नाही. आणि ज्या मॉडेलची टेस्टच उपलब्ध नाही तिला दुसऱ्या गाडीचे आकडे लावून कोर्टात वेग सांगणं हे मला चुकीचं वाटतं, मी ते करत नाही आणि करणाऱ्यालाही तोंडावर सांगतो. माणूस तुरुंगात जाऊ शकतो त्याच्यावर.

जोर तिरका आला असेल तर अजून एक दुरुस्ती असते. लांबीच्या दिशेने १५ अंश तिरका असेल तर ऊर्जा साधारण ७ टक्के वाढवावी लागते, ३० अंश असेल तर ३३ टक्के. तेव्हा दिशेचा अंदाज हलकेपणाने लिहू नका, पत्रा कुठल्या बाजूला वळलाय, बीमचे बोल्ट कुठे ओढले गेलेत ते नीट बघा.

अजून एक, गाडी आपटताना जितकी दबते त्यातलं थोडं ती परत सोडते. आपण जे मोजतो ते उरलेलं. सगळ्यात जास्त दबण्याचा क्षण लॅबमध्ये मागच्या सीटच्या भागात लावलेल्या सेन्सरवरून आणि सेकंदाला हजार चित्रं काढणाऱ्या कॅमेऱ्यांवरून काढतात, कारण सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. रिपोर्टमध्ये दबण्याचे दोन आकडे दिसले तर मोठा तो क्षणाचा, छोटा उरलेला.

केबिन वेगळी मोजा

इथे मला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय. पुढचा भाग दबण्यासाठीच बनवलेला असतो, तो छान दबला तर ते चांगलंच आहे. माणूस बसतो ती जागा किती आक्रसली हे खरं. घरचे लोक यार्डात येतात, चुरगळलेलं बोनट बघून रडतात, आणि मी आधी जाऊन ब्रेक पेडल बघतो.

अमेरिकेतली आयआयएचएस, म्हणजे विमा कंपन्यांनी चालवलेली सुरक्षा संस्था, टेस्टच्या आधी आणि नंतर केबिनमधल्या ठराविक जागा मोजते, पाय ठेवायची जागा, पायांसमोरच्या पत्र्यावर तीन जागा, ब्रेक पेडल, डॅशबोर्डचा डावा-उजवा भाग आणि दाराच्या जागी पुढच्या-मधल्या पिलरमधलं, म्हणजे छत धरणाऱ्या खांबांमधलं अंतर. आधार पुन्हा गाडीचा न हललेला मागचा भाग. आणि सीटचे बोल्ट स्वतः सरकले असतील तर तेही हिशेबात घेतात, कारण माणूस सीटवर असतो, पेडल त्याच्याकडे किती आलं ते महत्त्वाचं. पायाच्या भागात १५ सेंटीमीटरच्या आत शिरकाव असेल तर चांगलं धरतात, ३० च्या वर वाईट.

यार्डात हे असं करा. मागच्या सीटच्या बेल्टचा खालचा बोल्ट आधार धरा. तिथून ब्रेक पेडलच्या मध्यापर्यंत, स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत आणि पायांसमोरच्या पत्र्यावर चटई बाजूला करून तीन जागांपर्यंत मोजा, नव्या गाडीतही तेच. पुढची सीट मध्ये येते, तर तिच्या शेजारून समांतर दोरी ताणा. दाराचं सोपं आहे, खिडकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर पिलर ते पिलर अंतर घ्या, ठोकलेल्या बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, फरक किती ते बघा. दार हाताने उघडलं का, की सब्बल लावावी लागली, हे पण लिहा. क्रॅश टेस्टमध्ये सुद्धा दार उघडतं का ते बघतात.

आयआयएचएसने २०१२ मध्ये छोट्या ओव्हरलॅपची टेस्ट आणली, फक्त २५ टक्के रुंदी, ६४ किलोमीटर, टणक अडथळा. त्यात मार लाँग मेंबरच्या, म्हणजे पुढच्या लांब लोखंडी दांड्याच्या, बाहेरून जातो, चाक मागे ढकललं जातं आणि पायांच्या जागेत घुसतं. रस्त्यावर असा अपघात आपल्याकडे रोजचा आहे, ओव्हरटेक करताना कोपऱ्याला कोपरा. अशा गाडीत सहा जागा सगळ्या रुंदीवर घेतल्या तर सी१ ते सी४ जवळजवळ शून्य येतात, सरासरी अगदी थोडी दिसते आणि आत माणसाचे पाय अडकलेले असतात. म्हणून कोपऱ्याचा मार असेल तर सहा मापांवर थांबू नका, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्हीकडे घ्या. एका बाजूला ते जितकं कमी झालं तितकं चाक मागे आलं.

मोबाईलने स्कॅन करायचं फॅड आलंय आणि ते वाईट नाही, लॅबमध्येही आता स्कॅनर आणि मोजायचे हात वापरतात. पण पोरं फक्त पुढचा भाग स्कॅन करून आणतात, सुंदर रंगीत चित्र, आणि मग ते नव्या गाडीच्या चित्रावर बसवायचं कशाच्या आधारे? स्कॅन करताना पूर्ण गाडीभोवती फिरा, मागचा भाग, मागची चाकं, छत सगळं येऊ द्या, आणि जोडताना मागचा भाग मागच्या भागावर बसवा. एक मीटरची पट्टी फ्रेममध्ये ठेवा म्हणजे प्रमाण तपासता येईल.

कागदावर नुकसान थोडक्यात सांगणारा कोडही लिहायची सवय लावा, सात खुणांचा असतो. १२-एफ-डी-ई-डब्ल्यू-२ असं दिसलं तर जोर घड्याळाच्या बाराच्या दिशेने म्हणजे अगदी समोरून, नुकसान पुढे, पूर्ण रुंदीवर, काचेच्या खालच्या सगळ्या उंचीत, मार रुंद, आणि शेवटचा आकडा किती खोल. फक्त उजवा कोपरा असेल तर डीच्या जागी आर येतो. दोन ओळींत गाडी डोळ्यांपुढे उभी राहते, परदेशातला माणूसही वाचू शकतो.

कागदाची पहिली ओळ मात्र कायम हीच, की मागची रेघ कशावरून घेतली, मागच्या चाकांच्या मध्यावरून की मागच्या बंपरवरून, आणि कर्णांमध्ये फरक किती आला. त्याखाली नव्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष. त्याखाली सहा-सहा आकड्यांच्या तीन ओळी, नवी, ठोकलेली, फरक, म्हणजे कोणाला शंका आली तर तो वजाबाकी स्वतः करून बघेल. मग केबिनची मापं, दारांचं, क्रेनवाल्याने काय सांगितलं ते, हवा-पाऊस, मोजणाऱ्या दोघांची नावं. आणि फरशीवरच्या रेघा दिसतायत असा एक फोटो उंचावरून काढा, यार्डात शिडी मिळते, नाहीतर शेजारच्या ट्रकच्या हौद्यावर चढा, गाडी हलली की त्या रेघा पुन्हा मिळत नाहीत.